बाळकुम ते कोपरी, ढकलत

माझा नवरा ठाण्याच्या कोर्टात कारकून आहे आणि उभ्या जन्मात त्यानं एकही नियम मोडलेला नाही. रस्ता ओस पडलेला असला तरी लाल सिग्नलला आमची स्कूटर उभी आणि मागचे लोक हॉर्न वाजवून हैराण, हे मी लग्नापासून मागच्या सीटवर बसून भोगत आलेय. अशा माणसानं मोटारसायकलवर मोटारीचं इंजिन बसवावं, याला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

इंजिन तीन सिलिंडरचं, मोडीत निघालेल्या मोटारीचं. ते आधी आमच्या बाळकुमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये आलं आणि दोन पावसाळे तिथंच राहिलं. मी त्याच्यावर टेबलक्लॉथ घातला. पाहुणे त्याच्यावर चहाचे कप ठेवायचे. मग वेल्डिंगवाल्याकडून चौकट करून आणली आणि खाली पार्किंगमध्ये जुळवाजुळव सुरू झाली. वर्षभरानं जे तयार झालं ते पुढून मोटारसायकल, मागून मोटारसायकल आणि मधे म्हैस असं होतं. ती कलंडू नये म्हणून नवऱ्यानं मागे दोन्ही बाजूंना लहान मुलांच्या सायकलला असतात तशी आधाराची चाकं लावली. सोसायटीच्या पोरांनी ती बघून जे दात काढले, ते मी काढले नाहीत एवढंच. मला हसू आवरत होतं असं नाही, पण हा खटाटोप कोणासाठी चाललाय ते मला माहीत होतं.

सासरे कोपरीला धाकट्या दिरांकडे राहायचे. ते कारखान्यात फिटर होते. तिथल्या आवाजानं कान गेले, पण हातात कसब होतं. नवऱ्यानं लहानपणी पंख्याचा बोल्ट आवळता आवळता तोडला, तेव्हा ते म्हणाले होते, "याच्या हातात पाना देऊ नका, बोल्ट रडतो." हे वाक्य आमच्या लग्नात सांगितलं गेलं, पोरीच्या बारशाला सांगितलं गेलं. सगळे हसायचे. नवराही हसायचा आणि घरी आला की भूक नाही म्हणायचा.

दर दसऱ्याला सासरे आपली पाने-पक्कड पाटावर मांडून पुजायचे. मांडायचं काम दिरांचं. नवऱ्यानं लांबून झेंडू वाहायचा. पूजलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी हात लावायचा नाही, हा सासऱ्यांचाच दंडक. त्या वर्षी गणपतीनंतर त्यांचं जेवण निम्म्यावर आलं, जिना उतरणं बंद झालं. पुढचा दसरा त्यांना दिसेल असं डॉक्टरही म्हणेनात. तेव्हा नवऱ्यानं ठरवलं, या दसऱ्याला गाडी बाबांना दाखवायची.

पण असल्या गाडीची नोंदणी होत नाही, म्हणजे रस्त्यावर चालवता येत नाही. मी टेम्पो बोलावला. टेम्पोवाल्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, फळी मोडेल म्हणाला आणि निघून गेला. मग नवऱ्यानं कायदा सांगितला. त्याच्या मते इंजिन चालू केलं तर ते चालवणं. बंद गाडी ढकलत नेली तर ते सामान नेणं. तेव्हा तो मागून ढकलणार आणि हँडल धरायला वर मी. मला साधी सायकल येत नाही. पण नवरा म्हणाला, ते उलट चांगलंच आहे, चालवल्याचा आरोप येणार नाही.

सकाळी आमची हत्यारं पुजली, गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू चिरडलं आणि निघालो. मी गुडघे दोन दिशांना फाकवून, नव्या पंजाबी ड्रेसात. माजिवड्याला एका म्हाताऱ्या बाईंनी हात करून थांबवलं. दसऱ्याचा दिवस, हार घातलेली गाडी, वर बसलेली बाई आणि घामाघूम होऊन ढकलणारा भक्त. त्यांनी रेडिएटरला हळदकुंकू लावलं, मग मला लावलं आणि माझ्या ओढणीत नारळ घातला. मी देवी नाही हे सांगायला तोंड उघडलं तर मागून नवरा म्हणाला, "अगं घे, वेळ जातोय." तीन हात नाक्यापर्यंत माझ्या मांडीवर चार नारळ जमले होते. दोघं जण पाया पडून गेले. एकानं तर नोकरीचं विचारलं. मी होईल म्हटलं.

नाक्यावर पोलिसानं अडवलं.

"मॅडम, लायसन?"

"नाही."

"मग चालवताय कशाला?"

"मी चालवत नाहीये. मला येतच नाही."

त्यानं मागे बघितलं. नवऱ्यानं धापा टाकत चालवणं आणि नेणं यातला फरक सुरू केला. पोलिसानं तो निम्मा ऐकला, इंजिनाकडे टक लावून बघितलं आणि विचारलं, किती सीसीचं? पुढची दहा मिनिटं कायदा राहिला बाजूला. शेवटी कोपरीचा पूल चढवताना त्यानं दोन रिक्षावाल्यांना हाक मारली आणि स्वतःही हात लावला. पलीकडच्या उतारावर गाडी आपसूक निघाली आणि सगळे मागे राहिले. म्हणजे थोडा वेळ मी ती चालवली. मजा आली, पण हे नवऱ्याला मी अजून सांगितलेलं नाही.

कोपरीला दिरांनी सासऱ्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. नवऱ्यानं इंजिन सुरू केलं. तिसऱ्या वेळी ते असं काही गरजलं की सगळी बिल्डिंग गॅलरीत आली. ज्यांच्यासाठी हे सगळं, ते मात्र शांत बसून होते. त्यांना ऐकूच येत नव्हतं. नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. इतकं करून ही गोष्ट आमच्या कोणाच्याच ध्यानात आली नव्हती.

मग सासऱ्यांनी हात पुढे केला. दिरांनी खुर्ची जवळ सरकवली. त्यांनी टाकीवर तळवा टेकला, डोळे मिटले, आणि बराच वेळ तसेच राहिले.

"एक सिलिंडर मिस मारतोय," ते म्हणाले. "शेवटचा. प्लग काढ."

नवऱ्यानं इंजिन बंद केलं. आमचा प्लगचा पाना बाळकुमला पूजेत होता. सासऱ्यांनी दिरांना खुणेनं वर पिटाळलं. वरचाही पाना पूजेतलाच; दिरांनी आणला तेव्हा त्याला कुंकू होतं, झेंडूची पाकळी चिकटलेली होती. पाना सासऱ्यांच्या हातात देऊन, आता आपल्यालाच प्लग काढायला सांगतील म्हणून दीर बाह्या सारू लागले. सासऱ्यांनी पाना नवऱ्यापुढे धरला.

"बाबा, पूजेतला आहे," नवरा म्हणाला.

त्यांना ते ऐकू आलं नसावं. ते पाना धरून राहिले. नवऱ्यानं तो घेतला. प्लग निघाला, काळाकुट्ट. सासऱ्यांनी तो गरम असतानाच बोटांत धरला, दसऱ्याच्या नव्या सदऱ्याला पुसला आणि परत दिला. नवरा बसवायला लागला. आवळत गेला, अजून आवळत गेला. तेव्हा सासऱ्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"बास, एवढंच," ते म्हणाले. "बघ, नाही रडला."

ते प्लगबद्दल बोलत होते. नवऱ्याचं मात्र तसं सांगता येणार नाही.