राणीची चिनी पावडर

चाकांचा गाडा, पायरीवरचा उतार, औषध मोजायचा पितळी चमचा. आमच्या म्हाताऱ्या कुत्रीसाठी, राणीसाठी, सगळं मी स्वतःच्या हातानं केलं. शिकवलं कुणी न्हाय.

संधिवातानं राणीचे मागचे पाय गेलते. डॉक्टरबाईंनी गोळ्यांसोबत चिनी जडीबुटीची पावडर दिली. कडू म्हणून राणी तोंड फिरवायची. मी ती कांदा-लसूण घातलेल्या मटणाच्या अळणी रश्श्यात कालवली, तर बाईंनी झापलं, "मिस्त्री, कांदा-लसूण कुत्र्याला विष हाय!" तेव्हापासून तिचं मटण नुसत्या पाण्यात शिजतं.

आज सकाळी गाडा जोडायला बसलो, तर राणी आपली आपण उठली. चार पावलं चालली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं.

बायको म्हणाली, "रडताय व्हय?"

"धूर गेला डोळ्यात."

"गॅसचा?"

गुण गोळ्यांचा की पावडरीचा, ते बाईच सांगतील.

राणी चालली त्याचा मी मोबाईलवर टाकलेला व्हिडिओ बघून दुपारी एक दुकानदार आले. म्हणाले, "पावणं, ह्या पावडरीच्या पुड्या करू, वर तुमचं नाव घालू."

पण राणीचं दुखणं बाईंनी तपासून ओळखलं. न तपासता दिलेल्या पुडीनं दुसऱ्या कुणाची राणी कायमची बसली तर? तुम्ही काय केलं असतं, सांगा की.

मी चहा पाजला आणि नाही म्हटलं. महिन्याला वीस हजार देत होते.