तारेची दोन भेंडोळी

त्या दिवशी चिंचवडला आमच्या शेडसमोर जीप थांबली आणि आयात खात्याचे इन्स्पेक्टर उतरले... मी मागच्या खोलीत भाकऱ्या करत होते. हात पिठाचे तसेच घेऊन दाराआड उभी राहिले, पुढे जायचं धाडस होईना.

एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. आता मी नव्वदीला टेकले, तरी ती दुपार विसरले नाही.

आम्ही मूळचे मिरजेचे. ह्यांनी नोकरी सोडून चिंचवडला स्प्रिंगा बनवायचा छोटा कारखाना काढला. स्प्रिंगची चांगली तार तेव्हा परदेशातून यायची आणि ती मागवायला सरकारी परवाना लागायचा. कारखान्याची नोंद, मशीनची माहिती, तार किती लागते त्याचे दाखले... ह्यांनी मुंबईला किती खेपा घातल्या, देव जाणे.

शेवटी मिळाला परवाना. पण त्यावर अट होती... तार फक्त स्वतःच्याच कारखान्यात वापरायची. विकायची नाही, उसनीही द्यायची नाही. अट मोडली तर परवाना रद्द, वर खटला.

शेजारी गणपतराव. इथलेच, जुन्या घरातले. शेती सांभाळून फवारणी पंपांच्या स्प्रिंगा करायचे. आम्हाला इथे कुणी ओळखत नव्हतं तेव्हा त्यांनीच जागा मिळवून दिली. पाणी त्यांच्या विहिरीचं, आणि आमची तार स्टेशनवरून आली तीही त्यांच्याच बैलगाडीतून.

त्या वर्षी सरकारने आयात आवळली. परकीय चलन नाही म्हणे... बाजारातून तार गायब झाली. गणपतराव बाजारातूनच घ्यायचे, त्यामुळे त्यांचं मशीन बंद पडलं, कामाची माणसं बसून राहिली. एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले आणि दोन भेंडोळी मागितली. मिळाली की तशीच परत करतो म्हणाले.

हे नाही म्हणाले... अट समजावून सांगायला लागले, पण गणपतराव अर्ध्यातच उठले.

"माझ्याच गाडीतनं आलीया ती तार," एवढंच बोलून निघून गेले.

त्यानंतर बोलणं बंद. पाणी मात्र त्यांनी कधी तोडलं नाही. मी विहिरीवर गेले की त्यांची बायको यमुनाबाई अर्धी घागर तशीच उचलून निघून जायची. मलाही ह्यांचा राग आला होता. दोन भेंडोळ्यांनी असं काय होणार होतं...

आणि मग ती जीप आली. आम्ही काळ्या बाजारात तार विकतो, अशी कुणीतरी तक्रार केली होती. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या क्षणी मात्र माझ्या मनात एकच नाव आलं.

इन्स्पेक्टरांनी उरलेली तार वजन करून घेतली, तयार माल पाहिला. मेळ बसेना... तार कमी भरत होती. हे म्हणाले, मशीन बसवताना बरीच वाया गेली, तुकडे फेकून दिले. इन्स्पेक्टर म्हणाले, शेजारीही स्प्रिंगाच करतात ना, चला तिकडे.

हे त्यांच्याबरोबर निघाले. मीही मागोमाग गेले, राहवेना म्हणून. गणपतराव एक शब्द जरी वाकडा बोलले असते तरी आमचं सगळं गेलं असतं... आणि तसं बोलायला त्यांच्याकडे कारणही होतं.

इन्स्पेक्टरांनी सरळ विचारलं, ह्यांनी तुम्हाला तार दिली का?

गणपतरावांनी ह्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मागितली व्हती. न्हाई दिली. तवापासनं मी त्यांच्याशी बोलत न्हाई."

त्यांच्या मशीनवर धुळीचा थर होता. इन्स्पेक्टरांनी बोट फिरवून पाहिला. तेवढ्यात गणपतराव स्वतःहूनच म्हणाले, "वाया गेलेली तार हुडकताय व्हय? ती वढ्याच्या कडंला पडलीया. माझ्या बैलाच्या पायात घुसली, म्हून ठावं."

इन्स्पेक्टर ओढ्यापर्यंत चालत गेले. तिथे गंजलेल्या तुकड्यांचा ढीग होता... तो पाहिला, कमी भरलेल्या तारेचा मेळ बसला, तक्रारीत तथ्य नाही असं लिहिलं आणि जीपकडे वळले.

मला वाटलं सुटलो. पण हे इन्स्पेक्टरांच्या मागे गेले आणि विचारलं... गणपतरावांची माणसं आमच्याच शेडमध्ये, आमच्याच मशीनवर त्यांच्या पंपांच्या स्प्रिंगा करतील, तार बाहेर जाणार नाही, मग चालेल का?

इन्स्पेक्टर म्हणाले, "लेखी अर्ज करा. परवानगी येईपर्यंत तारेला हात लावू द्यायचा नाही."

अर्ज गेला. उत्तर येता येईना... परवानगी हातात पडली तेव्हा हे जेवणावरून उठून शेजारी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतरावांची माणसं आमच्या शेडमध्ये हजर होती.

ते स्वतः आले नाहीत. ह्यांच्याशी मोकळेपणाने बोलायला त्यांना पुढे बराच काळ लागला, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. राग त्यांनी पुरेपूर धरला, पण त्या रागापायी खोटं बोलले नाहीत... आमचं घर त्यावर उभं राहिलं. त्यांना हे तोंडाने सांगायचं राहून गेलं, म्हणून आज इथे लिहिलं.