कंपनाचं यंत्र आणि मामांचं कुलूप

ती घटना आठवली की आजही मी एकटाच हसत बसतो, आणि सौभाग्यवती स्वयंपाकघरातून विचारतात, "कुलूप आठवलं वाटतं?"

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी नगर जिल्ह्यात फौजदार होतो. दिवाळीची सुट्टी संपली आणि तंत्रनिकेतनातले एक प्राध्यापक घामाघूम होऊन ठाण्यात आले. प्रयोगशाळेतलं कंपनाचं यंत्र चोरीला गेलं होतं.

"कंपनाचं म्हणजे?" ठाणे अंमलदारानं विचारलं आणि सरांनी तिथंच वर्ग घेतला. लोखंडी चौकट, तिला टांगलेली स्प्रिंग, स्प्रिंगला वजन. वजन ओढून सोडलं की बराच वेळ वरखाली नाचतं. तेल भरलेल्या नळकांड्यातला दट्ट्या त्याला जोडला की नाच लवकर थांबतो, आणि फिरत्या कागदावर पेन त्याची रेघ काढत जातं. "याला अवमंदन म्हणतात," सर म्हणाले. अंमलदारानं फिर्यादीत 'स्प्रिंगचं यंत्र, एक नग' एवढंच लिहिलं. मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली होती.

पंचनाम्याला गेलो. खिडक्यांचे गज शाबूत, कडीकोयंडा जागच्या जागी, कुलपावर ओरखडासुद्धा नाही. किल्ली एकच आणि ती शिपायाकडे. शिपाई पन्नाशीचे, शनिशिंगणापूरचे. मुलं त्यांना मामा म्हणत. नोकरानं केलेली चोरी म्हणून कलम तीनशे एक्याऐंशी लावायची माझी तयारी झाली, आणि प्राचार्य त्यांना कामावरून काढायला निघाले.

मामांना ठाण्यात आणलं. मी बरेच संशयित पाहिले आहेत. कुणी पाय धरतं, कुणी पाणी मागतं. हे गृहस्थ देवळात बसावं तसे मांडी घालून बसले.

"सुट्टीत दाराला कुलूप होतं?"

"व्हय साहेब."

"किल्ली कुणाकडे होती?"

"माज्याकडंच की."

"मग यंत्र गेलं कसं?"

"कोनीतरी नेलं आसंल. आनून दील."

जमादारांना हसू आवरेना, मला मात्र राग आला. स्वतःच्या तोंडानं स्वतःला अडकवत चाललेला असा माणूस मी पाहिला नव्हता. शेवटी मी पंचनाम्यातलं कुलूप आणि किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. "हे बंद करून दाखवा."

मामांनी दांडी दाबली, ती बसेना. किल्ली घातली, ती अर्ध्यातच अडकली. मी कुलूप हातात घेऊन उजेडात धरलं. आत गंज चढून दगड झाला होता. ते कित्येक वर्षांत बंदच झालेलं नव्हतं.

"मामा, तुम्ही कुलूप लावत नाही?"

"आडकिवतो की. कालेजच्या सायबांनी दिलंय, त्यांचा मान ऱ्हायला पायजे. पन बंद कशापायी करायचं? आमच्या गावात घरांना दारंच न्हाईत. शनिम्हाराज बसल्यात राखायला."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"कुलपाचा आन् चोरीचा काय संबंध, साहेब?" त्यांनी खरोखर गोंधळून विचारलं. मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलला. "नोकरी गेली तर जाऊ द्या. पन मला चोर म्हनू नका. शिंगनापूरचा मानूस चोर निगाला, आसं लोक म्हंतील."

आता कुणीही आत जाऊ शकत होतं, म्हणजे तपास पहिल्यापासून. पण नशीब जोरावर होतं. दुसऱ्याच दिवशी एका एस.टी. ड्रायव्हरनं जमादारांना खबर दिली, की कोल्हारला रस्त्यालगतच्या लेथवाल्याकडे स्प्रिंगचा काहीतरी खेळ चाललाय, बघायला गर्दी जमते. सरांना जीपमध्ये घातलं आणि निघालो.

कारखान्यापुढे बाजार सोडून माणसं उभी होती. मधोमध आमचं यंत्र, वजन झोकात नाचत होतं. लेथवाला दट्ट्या जोडायचा, नाच थांबायचा, आणि लोक "परत एकदा" म्हणायचे. आम्हाला पाहून तो पुढे आला. सरांना त्यानं हात जोडले.

"या सर. पेन झ्याक चालतंय आता. उद्याच आनून देनार हुतो."

मी सरांकडे पाहिलं. सर यंत्राकडे पाहत होते.

"तुमीच म्हनला हुता ना, स्टँडवर? सुट्टीत यंत्र घिऊन जा, पेन अडकतंय म्हून. मी टेम्पो घिऊन आल्तो. कोनीच नव्हतं, पन कुलूप नुसतंच अडकिवलेलं. म्हनलं, माज्यासाठीच ठिवलंय."

सर चक्क विसरले होते. परतल्यावर ठाण्यात शिरताच ते मामांचे दोन्ही हात धरून रडायलाच लागले. मामा म्हणाले, "आलं ना परत? मग झालं." मग सर हसले, मी हसलो, जमादार तर बाहेर जाऊन हसून आले. त्या संध्याकाळी माझ्या टेबलावर यंत्र नाचवून झालं. गैरसमजातून दिलेली फिर्याद, असा अहवाल मी पाठवला. परीक्षा वेळेवर झाली, मामांची नोकरी राहिली.

तेव्हापासून जबाब घेताना मी एक पथ्य पाळलं. नुसतं विचारत बसायचं नाही, वस्तू माणसाच्या हातात द्यायची. तोंडी शंभर प्रश्नांनी जे कळत नाही, ते हात सांगून जातात. आणि शांत बसलेला माणूस बेरकीच असतो, हे मी मानायचं सोडलं.

निवृत्तीनंतर घर बांधलं. वास्तुशांतीला मामा आले, पार थकलेले. कागदात गुंडाळलेलं तेच कुलूप त्यांनी माझ्या हातात ठेवलं. नवं आणल्यावर प्रयोगशाळेनं ते टाकून दिलं होतं. तेलात बुडवून त्यांनी गंज काढला होता. किल्ली लोण्यासारखी फिरत होती.

"आता बंद व्हतंय, साहेब," ते म्हणाले. "तुमी पोलिसातलं मानूस, तुमाला लागंल."

ते आमच्या पुढच्या दाराला आहे. तीस वर्षं चोरांमागे धावलेला मी ते रोज नुसतं अडकवतो.