योहानभाऊंचा चुकलेला शब्द

योहानभाऊ गेल्याचा निरोप शेजारच्या मेडिकल दुकानातल्या फोनवर आला. मी एका पँटची शिवण उसवत होतो. सकाळी अंगणात खुर्चीवर बसले ते उठलेच नाहीत, एवढंच त्यांच्या घरून कळलं. महिना उलटला, तरी दुपार कलली की माझी नजर दाराकडे जाते. ते ऊर्जानगरच्या वीज केंद्रात फिटर होते. पहिली पाळी सुटली की बसने चंद्रपुरात यायचे आणि माझ्या शिलाईच्या दुकानात तासभर बसायचे. मी मुसलमान, ते ख्रिस्ती. धर्मावरून आम्ही इतके भांडलो, की कपडे शिवायला आलेली गिऱ्हाइकं मापं द्यायची विसरून ऐकत बसायची.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एकदा ते पांढऱ्या सफारीचं कापड घेऊन आले. चेहरा नवरदेवासारखा. म्हणाले, "मास्टर, मले प्रेषित नेमून राह्यले." त्यांच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, श्रद्धा अशी, की येशूच्या बारा शिष्यांपाशी प्रेषित संपले नाहीत. देव आजही काही माणसं निवडतो, त्यांना मंडळ्यांवर अधिकार देतो, आणि त्यांच्या तोंडून आपला शब्द बोलतो. नागपूरहून एक बडे उपदेशक येणार होते. ते डोक्यावर हात ठेवून योहानभाऊंना जंगलातल्या गावांसाठी नेमणार होते. मी टेप गळ्यात टाकत म्हणालो, "आमच्यात तर शेवटचे प्रेषित चौदाशे वर्षांमागं होऊन गेले. तुमच्यात भरती अजून चालूच हाय काय?" ते खळखळून हसले. "चालू हाय मास्टर. देव काऊन बंद करन?" मला हा माणूस फार आवडायचा, म्हणूनच त्या दिवशी त्याची काळजी वाटली. साध्या माणसाच्या अंगावर मोठा अधिकार चढवला, की तो कुठे ना कुठे काचतोच.

नेमणूक झाली, आणि तो काचला. मोहर्लीच्या पलीकडच्या एका गावात त्यांची सभा भरायची. तिथे मैनाबाई नावाची एक गोंड म्हातारी येऊ लागली. ती काही ख्रिस्ती झालेली नव्हती, आपल्या देवांनाच मानायची. पण बैल विकण्यावरून भांडून तिचा मुलगा घर सोडून गेला होता आणि दोन वर्षं त्याचा पत्ता नव्हता. जो कुणी आशा देईल त्याच्यापुढे ती हात जोडायची. योहानभाऊंनी डोळे मिटून प्रार्थना केली आणि भर सभेत बोलून गेले, "नाताळाच्या आत तुझा लेक दारात उभा राहीन. हा देवाचा शब्द आहे."

मैनाबाईने तो शब्द खरा धरला. धानाच्या कापणीला सारं गाव गेलं, ही गेली नाही. मुलगा आला आणि घराला कडी दिसली तर तो परत फिरेल, या भीतीने ती दीड महिना दारातून हलली नाही. कापणीची सगळी मजुरी बुडाली. नाताळ आला, गेला... मुलगा आलाच नाही.

नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात योहानभाऊ दुकानात आले ते पडलेल्या चेहऱ्याने. नागपूरच्या उपदेशकांचा सल्ला आला होता. सांगा की बाईचाच विश्वास कमी पडला. प्रेषिताने चूक कबूल केली, तर उद्या त्याचं कोण ऐकेल? मी चिडलो. म्हणालो, "दीड महिना उंबरठ्यावर बसली ती. अजून किती विश्वास पाहिजे तुमाले?" ते म्हणाले, "रविवारी माह्यासंग चला. एकट्याले भेव वाटून राह्यलं."

मी गेलो. चिंचेखाली सभा भरली होती. योहानभाऊ उभे राहिले आणि म्हणाले, "मैनाबाई, तो शब्द देवाचा नव्हता. तुह्यं रडनं पाहवलं नाई म्हून मीच बोललो, आन् देवाचं नाव घेतलं. माफ कर." म्हातारी शांतपणे म्हणाली, "मंग आता पोराले पाहाले जाशीन का?"

हे कुणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही. योहानभाऊंनी रजा काढली. आपल्याकडची माणसं मिरची तोडायला आंध्रात जातात, म्हणून सिरोंच्यावरून नदी ओलांडून ते गावोगाव विचारत फिरले. तेलुगूचा गंध नाही, खिशात त्या पोराचा एक जुना फोटो. पहिल्या खेपेला हात हलवत आले. दुसऱ्या खेपेला तो सापडला, एका मिरचीच्या शेतात. यायला तयार नव्हता. आई दारात कशी बसली होती ते ऐकलं, आणि मोहफुलं पडायला लागली तेव्हा तो घरी आला.

सभेत एकच जल्लोष झाला. कुणीतरी ओरडलं, "प्रेषिताचा शब्द खरा झाला!" योहानभाऊंनी तिथल्या तिथे अडवलं. "नाताळ होऊन तीन महिने झाले. शब्द चुकला तो चुकलाच. पोरगा आला, त्याचा आनंद करा." मी आयुष्यात पुष्कळ प्रवचनं ऐकली, पण इतकं सरळ वाक्य दुसरं ऐकलं नाही.

नागपूरकरांनी पुढे त्यांचं नाव घेणं सोडलं. जंगलातल्या मंडळ्यांनी मात्र त्यांना सोडलं नाही. मी विचारायचो, आता तरी मान्य करा की प्रेषित संपले. ते मान हलवायचे. "आहेत मास्टर, आजबी आहेत. मी अजून शिकून राह्यलो."

आता एक कबुली माझी. आम्हा शिंप्यांचं "शुक्रवारी नक्की" म्हणजे काय, ते गावाला ठाऊक आहे. तीस वर्षं मी हसत हसत खोट्या तारखा दिल्या. परवा एका मुलीच्या साखरपुड्याचा ब्लाउज राहिला. पूर्वी मी दुकान बंद करून सरळ नमाजाला पळालो असतो. या वेळी सायकल काढली आणि आदल्या दिवशीच तिच्या घरी गेलो. दारातच म्हणालो, "बाई, माझा शब्द चुकला. उद्या होणार नाई. दुसरीकडून करून घ्यायचा तर कापड आनलं आहे." तिची आई रागावली, खूप बोलली. मी ऐकून घेतलं. मग तिने आतून स्वतःचा एक जुना ब्लाउज काढला आणि माझ्या हातात दिला. "हा तिच्या मापाचा करून देता का, बसल्या बसल्या?"

मी तिथेच, त्यांच्या ओसरीवर, सुई-दोरा घेऊन बसलो.