मेणबत्ती संपेपर्यंत

आणीबाणीच्या आधीच्या वर्षांत मी सोलापुरात दुकानांच्या पाट्या रंगवायचो. नोव्हेंबरातला मृतांचा दिवस जवळ आला, की तिथले कॅथलिक लोक कबरींना चुना लावायचे आणि क्रुसांवरची पुसट झालेली नावं उजळायला मला बोलवायचे.

कबरस्तानात एक म्हातारी दरसाल भेटायची. नवऱ्याचं नाव ती माझ्याकडून रंगवून घ्यायची. तिचं स्वतःचं नाव मात्र मला कधी कळलं नाही. मेणबत्ती लावून ती पदराचा आडोसा धरायची आणि मेण संपेपर्यंत नवऱ्याच्या तक्रारी सांगत बसायची. त्याची दारू, त्याच्या शिव्या, त्यानं भिरकावलेली ताटं.

एकदा न राहवून मी विचारलं, "आजी, एवढा छळ केला, तर त्यांच्यासाठी प्रार्थना कशाला?"

"मेल्यावर आदी शुद्धिस्थानात जावं लागतं, बाबा. पापं धुऊन निघंस्तोवर तितंच थांबायचं. हितनं कुणी प्रार्थना केली, तर लवकर सुटका हुती. मी जायच्या आत ह्यास्नी तितनं काडाय पायजे. न्हायतर तितंबी आमी दोघं एकत्रच की!"

मला हसू फुटलं. ती हसली नाही. वारा वाढला होता आणि ज्योत फडफडत होती. पदर पुरेना, तशी तिनं दोन्ही हातांची ओंजळ ज्योतीला इतकी जवळ धरली, की बोटं भाजतील असं वाटलं.

"विझली तर विझू द्या, आजी. उद्या दुसरी लावा."

"नको रं," ती म्हणाली, "त्यास्नी अंधाराचं लई भ्या वाटतं. लगीन झाल्यापास्नं उशाला कंदील ठिवूनच निजलो आमी."