आवाजात काही बदल झालाय का?

वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरजवळच्या एका उपकेंद्रात मी नर्स आहे आणि माझं तोंड फटकळ आहे. तंबाखूचा खर्रा तोंडात धरून कोणी समोर आला की आधी त्याला बाहेर थुंकून यायला लावते, मग नाव विचारते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा आमच्याकडे एक फॉर्म भरतात. त्यात एक प्रश्न असतो, तुमच्या आवाजात काही बदल झाला आहे का? तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला असला की त्या माणसाला मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, असा नियम. हा प्रश्न मी झोपेतसुद्धा विचारीन. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे कोणी म्हणायला नको की बाईला माहीत नव्हतं.

गाण्याचं ते ॲप नणंदेनं माझ्या फोनमध्ये टाकून दिलं. जोडगाण्यातली आपली अर्धी बाजू म्हणून ठेवायची. कुठला तरी अनोळखी माणूस उरलेली अर्धी म्हणतो आणि गाणं पूर्ण होतं. दुपारी पेशंट आटोपले, आशाताई जेवायला गेल्या की मी प्रसूतीच्या खोलीत दार लावून गायची. आमच्याकडे आता बाळंतपणं होतच नाहीत, सगळ्या वाशीमला जातात. रिकाम्या खोलीत टाइल्समुळे आवाज असा घुमायचा की माझाच मला खरा वाटायचा नाही.

नवरा शाळेवर मास्तर आहे. त्याचं एकच म्हणणं होतं, "गानं म्हन, पन कोनासंग पर्सनलवर गप्पा मारू नोको." मीही कबूल केलं. जे बोलायचं ते गाण्याखाली, सगळ्यांसमोर.

त्या ॲपवर गाणाऱ्यांचे गट असतात, त्याला फॅमिली म्हणतात. आमच्या फॅमिलीत चाळीसेक जण होते. कोणी कितीही बेसूर गायलं तरी खाली वा, क्या बात, गुलाबाची फुलं. एकदा एका बाईनं कोणाला तरी लिहिलं की अंतऱ्यात सूर सुटला. ॲडमिननं त्याच दिवशी तिला काढलं आणि लिहिलं, लोक इथे दुःख विसरायला येतात, चुका काढायच्या असतील तर शाळेत जा. मला ते अगदी पटलं होतं. दिवसभर मी लोकांच्या चुकाच काढते, कुठे तरी गोड बोलायला मिळावं की नाही?

दादा तिथेच भेटले. सोलापूरकडचे, शाळेत क्लार्क होते, रिटायर झालेले. बायको गेलेली, मुलीजवळ राहायचे. माझ्या फोटोत युनिफॉर्म होता म्हणून मला सिस्टर म्हणायचे. आम्हा दोघांनाही काळ्यापांढऱ्या सिनेमांतली, फारशी न गाजलेली गाणी आवडायची. माझे वडील जयंतीच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे आणि घरी एकटे असले की हीच गाणी वाजवायचे. ते गेल्यावर ती गाणी ओळखणारं कोणी उरलं नव्हतं. मी एक टाकलं की दादा त्याच चालीच्या वळणाचं दुसरं शोधून आणायचे. काय आवाज होता, माय वं! वरचा सूर असा घ्यायचे की कष्ट दिसायचेच नाहीत. वर्षभरात आम्ही शंभरावर गाणी म्हटली असतील. मी सुखी होते, खोटं कशाला बोलू.

सोयाबीन सोंगायच्या दिवसांत त्यांचा आवाज पहिल्यांदा घोगरा लागला. त्यांनीच खाली लिहिलं, हवा बदलली, घसा बसलाय. सगळ्यांनी लिहिलं, तरी काय गायलात! मीही लिहिलं. दिवाळी झाली. घसा तसाच होता, फक्त त्यांनी पट्टी उतरवून घेतली होती. मग वरचे सूर ते गाळायला लागले. एका गाण्यात मधेच खोकले आणि ते तसंच राहू दिलं. मी हेडफोन लावून ते परत ऐकलं, दोनदा. मला कळलं होतं. कळलं नाही असं म्हणायची सोयच नाही.

कारण त्याच महिन्यात शिरपूरच्या बाजारात एक बांगड्यावाले चाचा मला सापडले होते. ओरडून माल विकणारा माणूस, आणि गळ्यातून नुसती हवा निघत होती.

"चाचा, आवाजाले काय झालं?"

"कुछ नै बाई, शेंगदाने खाल्ले तं घसा बसला."

"किती दिवस झाले?"

"झाला असन महिना दीड महिना."

"दीड महिना शेंगदानेच खाऊन राह्यला का तुमी? उद्या वाशीमले चला. नाई आले तं घरी येऊन तुमच्या बेगमले सांगतो."

भर बाजारात बोलले, लोक हसले, चाचा चिडले. पण आले. कॅन्सर सुरुवातीलाच सापडला, किरणांचे शेक दिले, आणि आता परत ओरडून बांगड्या विकतात. मला पाहिलं की दुसऱ्या बायांना सांगतात, "इस बाई का मुँह कडवा है, पर इसीने बचाया."

आणि दादांना? दादांना मी गुलाबाची फुलं पाठवत होते.

एकदा लिहायला बसले होते. "दादा, घसा दाखवून घ्या, इतके दिवस आवाज बसलेला राहणं बरं नाही." लिहिलं आणि पुसलं. चाळीस जणांसमोर लिहिलं तर त्यांना वाटेल, मी गाण्याला नावं ठेवतेय. पर्सनलवर लिहायचं तर नवऱ्याला दिलेला शब्द. भीड भिकेची बहीण, म्हणतात ते काय खोटं आहे? पण ही सगळी सारवासारव आहे. नवऱ्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, लिही न मंग, विचारून काय राह्यली. मी विचारलंच नाही. मला ती जागा नासवायची नव्हती. तिथे मला कोणी कडू म्हणत नव्हतं.

याहून वाईट पुढे आहे, आणि तेही माझंच. त्यांच्या घरघरीमुळे माझी गाणी बिघडायला लागली. मी त्यांच्या गाण्यांना जोड देणं कमी केलं. नांदेडकडच्या एका साफ गळ्याच्या माणसासोबत गायला लागले. दादांच्या अर्ध्या गाण्यांना दुसऱ्या बाजूनं कोणीच येईना, ती तशीच पडून राहायची. एक दिवस त्यांनी माझ्या गाण्याखाली लिहिलं, "सिस्टर, रागावलात का?" मी लिहिलं, "छे हो दादा, कामाचा लोड आहे." पुढे हसरा चेहरा टाकला.

हरभरा निघायच्या सुमारास त्यांचं गाणं येणं बंद झालं. फॅमिलीत कोणी विचारलंही नाही. तिथे माणसं येतात, जातात. मी रोज त्यांचं पान उघडून पाहायची आणि बंद करायची.

उन्हाळ्यात, लसीकरणाच्या दिवशी, पर्सनलवर मेसेज आला. दादांच्या खात्यावरून, पण लिहिणारी त्यांची मुलगी होती. बाबांच्या स्वरयंत्राला कॅन्सर निघाला. खूप उशीर झाला होता, सगळं काढून टाकावं लागलं. आता गळ्याला छिद्र आहे, बोलता येत नाही, पाटीवर लिहून सांगतात. तुमची गाणी ऐकतात. त्यांना एक गोष्ट फार खाते आहे, की आपल्याला आधी कळायला पाहिजे होतं, आपल्या हलगर्जीपणामुळे पोरीला हे भोगावं लागतंय. मॅडम, तुम्ही नर्स आहात म्हणून विचारते. आवाजावरून आधी कळतं का हो?

बाहेर बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या, एक पोरगं सुई पाहून बोंबलत होतं. मी तिथेच उभ्या उभ्या लिहिलं, "नाही ताई. नुसत्या आवाजावरून कोणालाच कळत नसतं. त्यांना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका."

पाठवलं आणि पुढच्या लेकराला मांडीवर घेतलं. लस टोचून हात धुतले तोवर उत्तर आलं होतं.

"थँक्यू मॅडम. बाबांना वाचून दाखवलं. किती दिवसांनी त्यांचा चेहरा हलका झाला. पाटीवर लिहिलं त्यांनी, मला वाटलंच होतं. सिस्टरला कळलं असतं तर त्यांनी सांगितलंच असतं."