जावयानं ताट घासलं

जेवण झालं, ढेकर दिला, आणि मी माझं ताट उचलून अंगणातल्या हौदावर नेऊन घासलं. एवढंच. हात चालूच होता म्हणून शेजारी पडलेल्या दोन वाट्या आणि मेहुण्याचं ताटही घासून टाकलं. ताट उपडं ठेवून मान वर केली, तर स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या. हातात माझ्या हातावर घालायचा पाण्याचा तांब्या, आणि चेहरा असा, की मी ताट नाही, अख्खा देव्हारा हौदात बुडवलाय.

"अगं बाई बाई! जावाईबापू, ठेवा ते! ठेवा आधी!"

ठेवलं. पण समोरच्या गच्चीवर कुरडया वाळत घालणाऱ्या मावशींनी तोवर पाहायचं ते पाहून घेतलं होतं.

मी राहतो जालन्याला आणि बदनापूरच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. 'विचलन आणि सामाजिक नियंत्रण' हे प्रकरण माझ्या आवडीचं. माणूस रीत का मोडतो आणि समाज त्याला परत रांगेत कसा आणतो, हे मी इतकं रंगवून सांगतो की मागच्या बाकावरची पोरं कधी कधी जागी होतात. आमच्या स्टाफरूमची रीत अशी, की ज्याचा डबा त्यानं नळावर घासायचा. एका नव्या सरांनी डबा तसाच ठेवला, तर कुणी चकार शब्द काढला नाही. खरकटा डबा फक्त त्यांच्या खुर्चीवर नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी सर सगळ्यांच्या आधी नळावर.

तर जेवणानंतर नळाकडं वळायची सवय माझ्या पायांना तिथली. घरी हेच पाय का वळत नाहीत, असा प्रश्न आमच्या घरातून आलेला आहे, पण तो या प्रकरणाच्या बाहेरचा. सासुरवाडीला इतकी वर्षं तांब्या वेळेवर यायचा, मी ताटातच हात धुवायचो आणि ताट कुणीतरी उचलायचं. त्या रविवारी तांब्याला उशीर झाला आणि पाय निघाले.

उशीर व्हायला कारण होतं. दुपारी चारला राजूरचे पाहुणे घर बघायला येणार होते. मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा सगळ्यात धाकटा भाऊ, घरातलं शेंडेफळ. मोसंबीचा बाग, सुपारीचंही व्यसन नाही, हसरा गडी. पण शेती म्हटलं की मुलीकडचे विचारायचे, "नोकरीचं काही बघून राह्यले का?" अशी बरीच स्थळं फिरली होती. पोरगी बघून झाल्यावर समोरचे लोक घर बघायला येतायत, हे पहिल्यांदाच घडत होतं. सासूबाईंनी धावडा गावातल्या त्या घराला दर्शनी बाजूनं नवा रंग दिला होता. आणि नेमक्या त्याच दिवशी मी हौदावर!

"लोक काय म्हणतील सांगू?" सासूबाई बायकोला म्हणत होत्या. "जावायाची ही गत, तर सुनेचं काय करतील! मावशीची पोरगी राजूरलाच दिलीय. आतापोहत फोन गेला बी असंल."

बायको आधी पदरात तोंड घालून हसत होती. भावाचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू विरलं.

मला खाटेवर बसवलं आणि सासरे शेजारी राखणीला बसले. भिंतीपलीकडून गल्लीची चर्चा स्पष्ट ऐकू येत होती.

"मास्तर लोकाईत राहून राहून तसं व्हतं गं. संगत."

"संगत कशाची? पोरीनंच वळण लावलं. जालन्याला कोण बघायला बसलंय?"

"न्हाई वो, रुसला असंल. मानपान कमी पडला की असंच दाखवतेत."

संगतीचा परिणाम, सैल पडलेला धाक, हवं ते न मिळाल्याची चिडचिड. विचलनावरचे माझे वर्गातले तीन तास त्यांनी कुरडया उलटवता उलटवता उरकले. चौथा सिद्धान्त शिक्क्याचा, म्हणजे लोकांनी एकदा शिक्का मारला की माणसाची तीच ओळख; तो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळाला. साखर आणायला म्हणून निसटलो, तर दुकानदार म्हणाला, "काय पाव्हणं, भांड्याचा साबण देऊ का?" मी साखर विसरून परत.

चारला पाहुणे आले: मुलीचे काका, आई आणि आत्या. काका बाग पाहून खूश झाले. चहा झाला. रिकामे कप मधोमध होते आणि मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो. तेवढ्यात आत्यांनी चष्मा सारखा केला.

"ते भांडे घासणारे जावाई कोणते?"

सासऱ्यांना खोकला आला. सासूबाई घाईनं म्हणाल्या, "अहो, ते काय झालं, हाताला तेल लागल्तं त्यांच्या, म्हणून जरा..."

"मीच," मी म्हणालो. तिथं थांबायला पाहिजे होतं, पण मास्तरकी आडवी आली. "त्याचं कसं आहे, विचलन हे कृतीत नसतं, पाहणाऱ्याच्या..."

दारातून बायकोनं पाहिलं. वाक्य तिथंच संपलं.

"शास्त्र राहू द्या," आत्या म्हणाल्या. "कुणी घासायला लावले, का मनानं घासले?"

"मनानं. म्हणजे तसे पायानंच."

काका हसले. आत्या हसल्या नाहीत. त्या मेहुण्याकडं वळल्या. "आन तुम्ही? तुम्ही घासता का?"

मेहुण्यानं आईकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं, शेवटी माझ्याकडं. खोटं बोलायचं त्याला कधी जमलंच नाही.

"रोज न्हाई घासत. पण मागच्या साली आईच्या गुडघ्याचं आपरेशन झाल्तं, तवा मीच घासायचो. महिनाभर."

"अरे, सांगू नको म्हन्लं व्हतं ना!" सासूबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"मंग गल्लीत कसं न्हाई कळालं?" आत्यांनी विचारलं.

"दार लावून घासायचो."

"दार लावून?"

"हौ. कडी बी लावायचो."

आत्यांना असं हसू फुटलं, की त्यांचा चष्माच खाली आला. मुलीच्या आईनं पदर डोळ्यांना लावला, तोही हसूनच. मी मात्र मेहुण्याकडं पाहत राहिलो. मी एका ताटानं गावभर झालो होतो आणि या पठ्ठ्यानं महिनाभर कडी लावून रीत मोडली होती!

"उचला मंग हे कप," आत्या म्हणाल्या. "आन दार उघडं ठेवा."

मेहुणा उठला. कप घेऊन हौदावर बसला आणि घासू लागला. कान लालभडक, पण हात सराईत. समोरच्या गच्चीवरून आवाज आला, "अगं बया, ह्यो बी!"

आणि मग माझ्या सासूबाई, ज्यांनी जेवणापासून मला खाटेवर बसवून ठेवलं होतं, त्या ओट्यावर आल्या, कमरेवर हात ठेवला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "त्यात काय बघायचं? आमच्यात हायेच तशी रीत!"

काका निघताना म्हणाले, "पोरीला विचारून सांगतो." सांगायला त्यांना राजूर गाठावं लागलं नाही. अर्ध्या वाटेतूनच फोन आला. फोनवर सगळं ऐकून पोरगी आधी पोट धरून हसली म्हणे, आणि मग हो म्हणाली. मेहुण्यानं मला उचललं. सासऱ्यांनी दुकानातून पेढे आणवले आणि मावशींच्या गच्चीवरही धाडले.

परतीच्या वाटेवर गाडी चालवताना मी जरा फुशारलो. म्हटलं, "बघ, माझ्या एका ताटानं तुझ्या भावाचं लग्न जमलं."

"जमलं ना," बायको म्हणाली. "आता ती पोरगी नांदायला आली, की दर खेपेला घासा. आईनं गल्लीला रीत म्हणून सांगितलंय, तिला खोटं पडू द्यायचं न्हाई."